कंपालात बँक खातं उघडताना: कागदांचा क्रम, खर्च आणि थांबणं

युगांडात नोकरीला येणाऱ्याचे पहिले एक-दोन महिने कागदांत जातात आणि त्या कागदांच्या शेवटी बँकेचं खातं असतं. ते उघडेपर्यंत पगार कसा मिळणार आणि घरी पैसे कसे जाणार, ही काळजी रोज सोबत असते. मी ऑगस्ट २०२४ मध्ये कंपालातल्या एका कारखान्यात अकाउंट्सला रुजू झाले. माझं खातं एका छोट्या, परदेशी मालकीच्या बँकेत आहे, आणि भारतातून नव्याने येणाऱ्यांचे बँकेचे कागदही आता माझ्याच टेबलावरून जातात. म्हणून हे सगळं घडलं त्या क्रमाने लिहिते आहे. या कामात क्रमालाच महत्त्व आहे. प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो, आणि मधला एक राहिला की पुढचे सगळे थांबतात.

आधी बँकेबद्दल. भारतीय बँकांचं कंपालाशी नातं जुनं आहे. बँक ऑफ बडोदा आणि बँक ऑफ इंडिया दोघींनीही इथे १९५३ साली शाखा उघडल्या. १९७२ मध्ये, ज्या वर्षी इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, त्याच वर्षी बँक ऑफ इंडियाचं इथलं काम बडोदाकडे गेलं. बँक ऑफ इंडिया परत आली थेट २०१२ मध्ये. बडोदाची युगांडातली कंपनी मात्र टिकली आणि वाढली. २००२ पासून तिचे २० टक्के शेअर युगांडाच्या शेअर बाजारात आहेत. जिंजा, एम्बाले, एम्बरारा, अगदी काकिराच्या साखर कारखान्याजवळही तिची शाखा आहे. केनिया, टांझानिया, नायजेरिया, इजिप्त अशा इतर देशांतल्या मालकांच्या बँकाही कंपालात आहेत. त्यांतल्या बऱ्याच आकाराने लहान, मोजक्या शाखांच्या.

मराठी माणूस इथे हमखास अडतो ते एका समजुतीवर. दादर किंवा सांगलीच्या शाखेवर जी पाटी असते तीच पाटी जिंजा रोडवर दिसली की वाटतं, आपलं जुनं खातं इथे नुसतं जोडून मिळेल. तसं होत नाही. बँक ऑफ इंडिया युगांडा लिमिटेड काय किंवा बँक ऑफ बडोदा युगांडा लिमिटेड काय, या युगांडात नोंदलेल्या स्वतंत्र कंपन्या आहेत. परवाना बँक ऑफ युगांडाचा, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेचा, नियम इथले, संगणकावरची खाती इथली. भारतातली शिल्लक इथल्या काउंटरवर दिसत नाही आणि इथे भरलेले पैसे सांगलीत आपोआप उमटत नाहीत. दोन्हीकडचा ग्राहक क्रमांक वेगळा, दोन्हीकडचं केवायसी वेगळं. नैरोबीत बँक ऑफ इंडिया ही भारतातल्या बँकेची थेट शाखा आहे, कंपालात ती उपकंपनी आहे. पुढे भारतातल्या खात्यासाठी कागद साक्षांकित करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

आता निघण्याआधीची तयारी. पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र पासपोर्ट सेवा केंद्रातूनच काढायचं, फी ५०० रुपये. पासपोर्टवरचा पत्ता आणि सध्याचा पत्ता वेगळा असेल तर पोलीस पडताळणीला वेळ लागतो, म्हणून नोकरीचं पत्र हातात आलं की त्याच आठवड्यात अर्ज टाकावा. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. ते पिवळं कार्ड एंटेबे विमानतळावर मागतात. साधा प्रवेश व्हिसा ऑनलाइन मिळतो, ५० डॉलर आणि वर थोडं प्रक्रिया शुल्क. या जोडीला भारतातल्या बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट शिक्का मारून घ्या, आणि पदवीच्या प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती घ्या. स्टेटमेंट वर्क परमिटला लागत नाही, पण इथली बँक पैशाचा स्रोत विचारते तेव्हा तेवढा एक कागद पुरतो.

डॉलर आणत असाल तर नोटा नव्या, स्वच्छ आणि शंभराच्या आणा. कंपालातले फॉरेक्स ब्युरो जुन्या मालिकेच्या नोटा घेत नाहीत किंवा कमी भावाने घेतात, आणि एक, पाच, दहा, वीसच्या नोटांना शंभराच्या नोटेपेक्षा कमी भाव देतात. घडी पडलेली किंवा पेनने खूण केलेली नोटसुद्धा परत करतात.

कंपालात पोचल्यावर पहिलं काम सिम कार्ड. एमटीएन किंवा एअरटेलच्या अधिकृत सेवा केंद्रातच घ्या, रस्त्यावरच्या छत्रीखाली नको. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून, बोटांचे ठसे देऊन नोंदणी होते. व्हिसा थोड्या मुदतीचा असेल तर सिमची मुदतही त्याला बांधलेली असते. म्हणून वर्क परमिट हातात आल्यावर परत जाऊन ती नोंद बदलून घ्यावी लागते. हे विसरलं की ऐन वेळी नंबर बंद पडतो आणि बँकेचा ओटीपी येईनासा होतो. त्याच काउंटरवर मोबाईल मनीही, म्हणजे फोन नंबरवरचं पैशांचं खातं, सुरू करून घ्या. इथे भाजी, बोडा-बोडा (मोटरसायकल टॅक्सी), विजेचं टोकन, सगळं त्यावर चालतं. पैसे काढताना मोबाईल मनी कंपनीच्या शुल्काबरोबरच रकमेवर ०.५ टक्के सरकारी कर लागतो, म्हणून खात्यात ठेवून फोनवरूनच खर्च करणं स्वस्त पडतं.

दुसरं काम वर्क परमिट. पगारी नोकरासाठी बहुतेक वेळा जी-२ वर्ग असतो. अर्ज कंपनी ऑनलाइन करते, पण अंतिम शिक्क्यासाठी आणि बोटांच्या ठशांसाठी स्वतःला जिंजा रोडवरच्या गृह मंत्रालयाच्या आवारात जावं लागतं. सकाळी लवकर जा, मंजुरीच्या पत्राच्या दोन प्रती आणि फी भरल्याची पावती सोबत ठेवा. हे काम काही आठवडे चालतं आणि त्या काळात पासपोर्ट कधीकधी कार्यालयात राहतो. पासपोर्ट तिकडे असताना बँकेत जाऊन उपयोग नाही, कारण बँक मूळ पासपोर्ट पाहिल्याशिवाय अर्ज पुढे सरकवत नाही. मला हे दिवस फार जड गेले. हातात काम होतं, पण नावावर काहीच नव्हतं.

परमिटनंतर टीआयएन, म्हणजे युगांडा रेव्हेन्यू अथॉरिटीचा दहा आकडी कर क्रमांक. तो युआरएच्या पोर्टलवर मिळतो आणि फुकट असतो. 'काढून देतो' म्हणत पैसे मागणारे बाहेर भेटतात, त्यांची गरज नाही. अर्जात पासपोर्ट, परमिट, फोन नंबर, ईमेल आणि मालक कंपनीचा टीआयएन लागतो. परदेशी माणसाचा अर्ज तपासणीला थांबतो. चार-पाच दिवसांत उत्तर आलं नाही तर नकावाच्या युआरए टॉवरमध्ये जाऊन विचारावं. मी गेले तेव्हा अडचण एवढीच होती की जोडलेल्या प्रतीत पासपोर्टचा शेवटचा, पत्त्याचा कागद नव्हता. भारतीय पासपोर्टची प्रत काढताना पहिलं आणि शेवटचं, दोन्ही पानं एकाच पीडीएफमध्ये ठेवा.

मग येतो इथला सर्वांत खास कागद, एलसी-वनचं पत्र. एलसी म्हणजे लोकल काउन्सिल, गावपातळीवरची निवडून आलेली समिती. शहरातसुद्धा प्रत्येक वस्तीला तिचा एलसी-वन चेअरमन असतो. पत्त्याचा पुरावा म्हणून बँका त्याचंच पत्र मागतात, आणि त्याला कारण आहे. इथल्या घरांत वीज 'याका' नावाच्या प्रीपेड मीटरवर चालते, टोकन विकत घेऊन आकडे दाबायचे, त्यामुळे महिन्याचं वीजबिल भाडेकरूच्या नावे येतच नाही. पाण्याचं बिल घरमालकाच्या नावे असतं. पुष्कळ घरांना रस्त्याचं नाव आणि क्रमांकही नसतो, नुसता प्लॉट नंबर किंवा 'अमुक शाळेच्या मागे'.

चेअरमनकडे जाताना भाडेकराराची प्रत, पासपोर्टची प्रत, दोन फोटो आणि शक्य झाल्यास घरमालक किंवा त्याचा केअरटेकर सोबत न्या. चेअरमन बहुतेक वेळा दुकानात किंवा घराच्या ओट्यावर बसलेले असतात. आधी विचारपूस करायची, 'ओली ओत्या, सेबो' (कसे आहात) म्हणायचं, बाई असेल तर 'न्याबो', आणि मग कामाचं बोलायचं. थेट कागद पुढे केलेला इथे उद्धटपणा वाटतो. शिक्क्यासाठी थोडे शिलिंग घेतात, रक्कम वस्तीवस्तीत बदलते, पावती मागायला हरकत नाही. पत्रात झोन किंवा सेल, पॅरिश आणि डिव्हिजन ही तिन्ही नावं आली आहेत ना, ते तिथेच वाचून पाहा. कंपालाचे पाच डिव्हिजन आहेत: सेंट्रल, कावेम्पे, मकिंड्ये, नकावा आणि रुबागा. डिव्हिजनचं नाव राहिलं, तारीख राहिली किंवा शिक्का पुसट उमटला की बँक पत्र परत करते. पत्र बँकेच्या नावे असावं, 'ज्यांच्याशी संबंधित असेल त्यांना' असं मोघम नको. आणि ते ताजं असावं, दोन-तीन महिन्यांपूर्वीचं चालत नाही.

एवढं जमल्यावरच बँकेत जाण्यात अर्थ आहे. मी सप्टेंबरच्या अखेरीस गेले. सोबत नेलेले कागद असे: मूळ पासपोर्ट आणि प्रत, परमिटचं पान, टीआयएनचं प्रमाणपत्र, एलसी-वनचं पत्र, भाडेकरार, कंपनीच्या लेटरहेडवर नोकरीचं आणि पगाराचं पत्र, पासपोर्ट फोटो, आणि भारतातल्या बँकेचं ते स्टेटमेंट. फॉर्ममध्ये पोस्ट बॉक्स क्रमांक विचारतात, कारण इथे टपाल घरी येत नाही, पेटीत येतं. तिथे कंपनीचा पोस्ट बॉक्स लिहायचा. अमेरिकेशी नागरिकत्वाचा किंवा कराचा संबंध आहे का, हे विचारणारा एक वेगळा फॉर्मही असतो, तो सगळ्यांनाच भरावा लागतो.

छोट्या बँकेचा फायदा इथे दिसतो. शाखेत गर्दी नव्हती, अधिकाऱ्याने प्रत्येक कागद माझ्यासमोर तपासला आणि काय कमी आहे ते त्याच वेळी सांगितलं. मोठ्या बँकेत अर्ज आत गेला की कुठल्या टेबलावर आहे ते कळत नाही, असं सहकाऱ्यांकडून ऐकलं होतं. चौकशी मात्र कसून होते, आणि त्यात राग मानण्यासारखं काही नाही. फेब्रुवारी २०२० ते फेब्रुवारी २०२४ अशी चार वर्षं युगांडा एफएटीएफ या काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीत, म्हणजे जादा देखरेखीखालच्या देशांत होता. त्या काळात परदेशी बँकांनी इथल्या प्रत्येक व्यवहाराकडे संशयाने पाहिलं. नाव यादीतून निघालं, पण कसून विचारायची शिस्त बँकांनी सोडलेली नाही. महिन्याला किती रक्कम येणार, किती बाहेर जाणार, कोणाला जाणार, असे आकडे फॉर्मवर लिहून घेतात. ते खरे आणि थोडे सैल लिहा. पगार चाळीस लाख शिलिंग लिहिला आणि बोनससकट एक कोटी आले, तर व्यवहार थांबवून खुलासा मागतात.

नावाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण मराठी नावांचे घोळ इथेच होतात. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. इथल्या फॉर्मवर आडनाव आधी, मग पहिलं नाव, मग 'इतर नाव' असा क्रम असतो. काउंटरवरचा माणूस कधी वडिलांचं नाव 'इतर'मध्ये टाकतो, कधी गाळतो. मग परमिटवर एक, टीआयएनवर दुसरं, खात्यावर तिसरं नाव तयार होतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर प्रत्येक ठिकाणी पासपोर्टप्रमाणेच अक्षरन् अक्षर लिहून घ्यावं, पदवीवर माहेरचं नाव असलं तरी. सहीचंही तेच. पासपोर्टवर मराठीत सही असेल तर सहीच्या कार्डावरही मराठीतच करा. इथे कोणी आक्षेप घेत नाही, दोन सह्या जुळल्या पाहिजेत एवढंच.

खाती दोन उघडावीत, एक शिलिंगचं आणि एक डॉलरचं. युगांडाने १९९७ मध्येच भांडवली व्यवहारांवरची बंधनं काढली, त्यामुळे इथे राहणाऱ्याला डॉलर खातं ठेवायला आणि पैसे बाहेर पाठवायला मध्यवर्ती बँकेची परवानगी लागत नाही. भारतातून आलेल्याला हे सुरुवातीला खरंच वाटत नाही. खाती सुरू व्हायला एक आठवडा लागला. कार्ड आणि पिन नंतर वेगवेगळे मिळाले.

शुल्काचं पत्रक खातं उघडण्याआधीच मागून घ्या. खात्याच्या देखभालीचं मासिक शुल्क, एटीएम शुल्क, पैसे काढण्याचं शुल्क, यांवर वर १५ टक्के अबकारी कर लागतो. तो पत्रकातल्या आकड्यात धरला आहे की वेगळा, ते विचारावं. छोट्या बँकेची स्वतःची एटीएम थोडी असतात. कार्ड इंटरस्विचच्या जाळ्यातल्या इतर बँकांच्या यंत्रांवर चालतं, पण दर वेळी जास्त पैसे कापले जातात. मी महिन्याच्या खर्चाची रक्कम एकदाच मोबाईल मनीवर घेते आणि एटीएमला जातच नाही. देशातल्या दुसऱ्या बँकेत पाठवायचं तर दोन कोटी शिलिंगपर्यंत ईएफटी (बँकांमधलं साधं ऑनलाइन हस्तांतर) चालतं, त्यावर आरटीजीएस. ईएफटी स्वस्त, पण लगेच पोचत नाही. घरभाडं भरताना दोन दिवस हाताशी ठेवा.

छोटी बँक सुरक्षित आहे का, हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस मला विचारतो, आणि तो विचारायलाच हवा. डिपॉझिट प्रोटेक्शन फंड ऑफ युगांडा दर माणसामागे, दर बँकेमागे एक कोटी शिलिंगपर्यंतच्या ठेवीची हमी देतो. २०२४ च्या भावाने ते साधारण सव्वादोन लाख रुपये झाले, म्हणजे भारतातल्या पाच लाखांच्या निम्म्याहूनही कमी. ही हमी इथल्या फंडाची आहे. बँकेची मूळ कंपनी मुंबईत असो वा नैरोबीत, तिचा ठेव विमा कंपालातल्या ठेवीला लागू होत नाही. परदेशी मालकीच्या छोट्या बँका इथे बंदही झाल्या आहेत. नायजेरियन मालकीची ग्लोबल ट्रस्ट बँक जुलै २०१४ मध्ये बंद झाली. तिच्या ठेवी डीएफसीयू बँकेकडे सोपवल्या गेल्यामुळे ठेवीदार वाचले.

याहून महत्त्वाचा बदल अलीकडचा आहे. युगांडाने व्यापारी बँकांचं किमान भांडवल २५ अब्ज शिलिंगवरून ३० जून २०२४ पर्यंत १५० अब्जांवर नेलं, म्हणजे अंदाजे ३४० कोटी रुपये. छोट्या परदेशी बँकांना याचा सरळ अर्थ असा की मूळ मालकाने नवा पैसा आणावा, नाहीतर पायरी उतरावी. केनियन मालकीची एबीसी आणि नायजेरियन मालकीची गॅरंटी ट्रस्ट, या दोन्ही बँका जुलै २०२४ पासून दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे क्रेडिट इन्स्टिट्यूशनमध्ये गेल्या. दुसऱ्या श्रेणीतल्या संस्थेला चालू खाती, चेक आणि परकीय चलनाचे व्यवहार करता येत नाहीत. ज्याला डॉलर खातं हवं आणि दर महिन्याला भारतात पैसे पाठवायचे, त्याच्यासाठी हा भेद निर्णायक आहे. म्हणून खातं उघडण्याआधी बँक ऑफ युगांडाच्या यादीत ती बँक पहिल्या श्रेणीत, म्हणजे व्यापारी बँकांत आहे ना, ते बघा. प्रत्येक बँकेला वार्षिक ताळेबंद वर्तमानपत्रात छापावा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये 'न्यू व्हिजन' आणि 'डेली मॉनिटर'ची पानंच्या पानं त्याने भरलेली असतात. भांडवल किती आणि थकीत कर्जं किती, या दोन ओळी तरी वाचाव्यात. मी स्वतः हमीच्या मर्यादेपेक्षा जास्त रक्कम इथे साचू देत नाही.

ऑक्टोबरचा पगार खात्यात आला तेव्हा फार हायसं वाटलं. पण हातात आलेला आकडा पाहून नवे लोक दचकतात, म्हणून २०२४ च्या दराने गणित मांडते. समजा पगार ५० लाख शिलिंग. पहिल्या २,३५,००० वर कर नाही. तिथून ३,३५,००० पर्यंत १० टक्के म्हणजे १०,०००. पुढे ४,१०,००० पर्यंत २० टक्के म्हणजे १५,०००. त्यावरच्या ४५,९०,००० वर ३० टक्के म्हणजे १३,७७,०००. एकूण कर १४,०२,०००. एनएसएसएफचे, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीचे ५ टक्के म्हणजे २,५०,००० वेगळे, आणि ते करपात्र रकमेतून वजा होत नाहीत. हातात ३३,४८,०००. मालक एनएसएसएफमध्ये आणखी १० टक्के स्वतःचे घालतो. शिवाय जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत स्थानिक सेवा कर कापला जातो, वर्षाला जास्तीत जास्त एक लाख शिलिंग. नोकरी ठरवताना पगार 'नेट' की 'ग्रॉस' हे पत्रात लिहून घ्यावं, ते याचसाठी.

आता भारताकडची बाजू. बाहेर नोकरीला गेल्यावर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं भारतातल्या पैशांचं खातं) करावं लागतं, आणि परदेशी कमाई पाठवण्यासाठी एनआरई खातं उघडता येतं. त्याला लागतात पासपोर्ट, वर्क परमिट आणि परदेशातल्या पत्त्याचा पुरावा. इथे कंपालातल्या बँकेचं पत्ता छापलेलं स्टेटमेंट कामी येतं, म्हणून मी क्रम असा सांगते: आधी इथलं खातं, मग एनआरई. प्रती साक्षांकित करायच्या असतात. भारतीय उच्चायोगाचा किंवा इथल्या नोटरीचा शिक्का चालतो. भारतीय बँकेच्या परदेशी शाखेचाही चालतो, पण कंपालात आहेत त्या उपकंपन्या. तेव्हा तुमची भारतातली शाखा इथल्या अधिकाऱ्याची सही मान्य करते का, ते आधी ईमेलने लेखी विचारा. काही शाखा करतात, काही प्रती परत पाठवतात आणि कुरियरचा खर्च दुप्पट होतो. एनआरई खात्यात भारतातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने, म्हणजे तुमच्या हयातीत खातं तुमचंच राहील असं, जोडता येतं. आई-वडिलांच्या खर्चासाठी त्याला मॅन्डेट, म्हणजे खातं चालवण्याचा लेखी अधिकार दिला की दर वेळी तुमची सही लागत नाही.

पैसे पाठवायच्या फॉर्मवर चार गोष्टी नीट लिहाव्या लागतात. पहिली, स्विफ्ट कोड, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठी बँकेची ओळख. भारतातल्या बहुतेक शाखांना स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. बँकेच्या परकीय चलन विभागाचा कोड लिहून आपल्या शाखेचा आयएफएससी सूचनेच्या रकान्यात द्यायचा. आयबॅन (काही देशांत वापरला जाणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) विचारला तर तो रिकामा सोडायचा, भारतात आयबॅन नाही. दुसरी, खात्यावरचं नाव अक्षरशः तसंच. तिसरी, कारण: कुटुंबाचा खर्च आणि बचत, भारतात त्याचा कोड पी-१३०१. चौथी, शुल्क कोणी सोसायचं. 'शा' (SHA, शुल्क दोघांत वाटून) निवडलं तर वाटेतली बँक आपला वाटा रकमेतून कापते, 'अवर' (OUR, सगळं शुल्क पाठवणाऱ्याचं) निवडलं तर इथेच जास्त भरून पूर्ण रक्कम पोचते. कर्जाचा हप्ता ठरलेल्या आकड्याने जायचा असेल तर 'अवर' बरं. छोट्या रकमा वारंवार पाठवण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांची एकदम पाठवावी, कारण स्विफ्टचं शुल्क रकमेप्रमाणे फारसं वाढत नाही. भारतात रुपयांत बदलताना वर थोडा जीएसटी लागतो, एक लाखापर्यंतच्या रकमेवर ४५ ते १८० रुपये.

माझी पहिली रक्कम वाटेत अडली. भारतातल्या खात्यावर मधलं नाव नोंदलेलं नव्हतं, इथल्या आदेशात पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव होतं, आणि मधल्या बँकेने खुलासा मागितला. त्या दिवसांत झोप नीट लागली नाही. उपाय साधा निघाला. इथल्या बँकेकडून एमटी-१०३ ची प्रत मागितली, ती पासपोर्टच्या प्रतीसह भारतातल्या शाखेला पाठवली, नाव दुरुस्त झालं आणि रक्कम जमा झाली. एमटी-१०३ म्हणजे तेव्हाची त्या पैशाची पूर्ण पावती (नोव्हेंबर २०२५ पासून स्विफ्टमध्ये तिची जागा नव्या नमुन्याच्या संदेशाने घेतली), कुठल्या बँकेतून कुठे गेला ते त्यात दिसतं. पैसे पाठवल्याच्या दिवशीच अशी पावती मागून ठेवायची सवय लावा. छोट्या शाखेत ती तिथल्या तिथे छापून देतात.

वेळेचं गणितही लक्षात असू द्या. भारत युगांडापेक्षा अडीच तास पुढे, न्यूयॉर्क सात-आठ तास मागे, आणि डॉलरचा हिशेब न्यूयॉर्कमध्येच होतो. सोमवार ते बुधवार सकाळी पाठवलेली रक्कम साधारण त्याच आठवड्यात पोचते. शुक्रवारी दुपारी पाठवलेली शनिवार-रविवार लटकते. २६ जानेवारीला दोन्हीकडे सुट्टी असते, भारतात प्रजासत्ताक दिन आणि इथे एनआरएम मुक्ती दिन. ३ जूनला इथे मार्टर्स डे, ९ ऑक्टोबरला स्वातंत्र्य दिन. ईदची सुट्टी चंद्रदर्शनावर ऐन वेळी जाहीर होते. शिलिंगचे डॉलर करताना बँक ऑफ युगांडाचा त्या दिवसाचा मध्यम दर पाहून मगच बँकेचा भाव विचारा. रक्कम मोठी असेल तर विनंती केल्यावर छोट्या बँका भाव थोडा सोडतात, पण ते काउंटरवर नाही, मॅनेजरकडे बसून बोलावं लागतं.

इथे मुदत ठेवीचे व्याजदर भारतापेक्षा बरेचदा जास्त दिसतात. त्या व्याजावर १५ टक्के कर आधीच कापला जातो, आणि शिलिंग घसरला तर उरलेला फायदा विनिमयात जातो. सरकारी ट्रेझरी बिलं एक लाख शिलिंगपासून बँकेमार्फत घेता येतात, त्यावर २० टक्के कर. लवकर भारतात परतायचं असेल तर मी या दोन्हींत मोठी रक्कम अडकवणार नाही.

खातं सुरू झालं तरी काम उरतंच. परमिटचं नूतनीकरण झालं, पासपोर्ट बदलला, घर बदललं, की नवे कागद आपणहून बँकेत द्या. परमिटची तारीख उलटली की खात्यातून पैसे काढणं थांबवतात, आणि नूतनीकरण लांबलं तर अर्ज केल्याची पावती तरी त्या तारखेआधी बँकेत पोचलेली असावी. देश कायमचा सोडणाऱ्या परदेशी माणसाला एनएसएसएफची पूर्ण रक्कम व्याजासह परत मिळते, पण ती अर्जदाराच्या बँक खात्यातच जमा होते आणि अर्जाला वेळ लागतो. त्यामुळे निघताना युगांडातलं खातं घाईने बंद करू नका. त्यात मासिक शुल्कापुरती शिल्लक ठेवा, नेट बँकिंग चालू ठेवा, ओटीपी भारतात येईल अशी नंबर किंवा ईमेलची सोय निघण्याआधी करून घ्या, आणि एनएसएसएफचे पैसे भारतात पोचल्यावरच खातं बंद करण्याचं पत्र पाठवा.